स्कोन, स्पंज, पुडिंग आणि मार्मलेड: इंग्रजी घरातला स्वयंपाक शिकायचा कसा आणि जपायचा कसा

इंग्लंडचं घरगुती जेवण म्हणजे फिकं आणि उकडलेलं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते तपासून बघायची गरज कुणाला वाटत नाही. खुद्द इंग्लंडमध्येही असं म्हणणारे कमी नाहीत. या बदनामीमागे एक ठोस कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, ८ जानेवारी १९४० ला तिथे अन्नधान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि ते पुरतं उठलं ४ जुलै १९५४ ला. बराच काळ माणशी आठवड्याला ५०-६० ग्रॅम लोणी आणि एक अंडं, एवढ्यावर घर चालवायचं होतं. एक अख्खी पिढी लोण्याशिवाय केक आणि अंड्याशिवाय कस्टर्ड करायला शिकली आणि पुढे सगळं मिळायला लागलं तरी हात त्याच सवयीने चालत राहिले. त्याआधीचा इंग्रजी स्वयंपाक लोणी, साय, सुकामेवा, जायफळ आणि साखरेत मुरवलेली फळं यांचा होता. तो शिकण्यासारखा आहे आणि जपण्यासारखाही.

मी गेली बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहते. इथल्या स्वयंपाकघरांत उभं राहून एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे पाककृतींची यादी जमवून हा स्वयंपाक येत नाही. त्यात हाताची पाच कामं आहेत: पिठात लोणी चोळणं, लोणी-साखर फेसणं, तापल्या चरबीत पीठ ओतणं, तासन् तास वाफवणं आणि साखरेत शिजवून बरणीत भरणं. प्रत्येक कामाचा एक पदार्थ नीट जमला की त्या घराण्यातले पुढचे दहा पदार्थ आपोआप येतात. म्हणून खाली पाच मुख्य पदार्थ घेतले आहेत.

आधी सामानाची जुळवाजुळव

डिजिटल वजनकाटा घ्या. वाटीचं माप इथे चालत नाही, कारण मैदा चेपून भरला की सैल यावर एका वाटीत वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. दुसरी वस्तू ओव्हनमध्ये ठेवायचं थर्मामीटर. घरगुती ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांचं क्वचितच जुळतं. पंख्याचा ओव्हन असेल तर इथे दिलेल्या तापमानातून वीस अंश कमी करा.

इंग्रजी पाककृतींत जागोजागी सेल्फ-रेझिंग मैदा येतो. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरीवाल्याने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे तो मिळाला नाही तर १०० ग्रॅम मैद्याला एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून तीनदा चाळून घ्या. कास्टर साखर म्हणजे बारीक दाण्याची साखर. नेहमीची साखर मिक्सरमधून दोन-तीन झटके देऊन काढली की काम होतं. पिठीसाखर मात्र घेऊ नका. फेसताना साखरेच्या दाण्यांच्या कडा लोण्यात हवा कोंडतात, आणि पिठीला कडाच नसतात. पिवळं खारं लोणी वापरणार असाल तर पाककृतीतलं मीठ गाळा. घरचं पांढरं लोणी चालतं, पण गार पाण्यात दोनदा धुऊन ताक पूर्ण काढून टाका.

चोळणं: स्कोन

करंजीच्या पिठात मोहन चोळणाऱ्या हातांना हे काम ओळखीचं आहे. फरक एवढाच की तिथे मोहन कडकडीत गरम असतं, इथे लोणी फ्रिजमधलं गार हवं.

स्कोन म्हणजे चहाबरोबर खायचा छोटा, जाडसर, पाव आणि बिस्किटाच्या मधला पदार्थ. आठ-नऊ स्कोनसाठी २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, पाव चमचा मीठ, ५० ग्रॅम गार लोण्याचे तुकडे, २५ ग्रॅम बारीक साखर आणि १५० मिली दूध घ्या. अर्धं दूध आणि अर्धं आंबट ताक घेतलं तर स्कोन आणखी हलके होतात. ओव्हन आधीच २२० अंशांवर तापत ठेवा.

आमच्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाई हे कसं करतात ते मी फार जवळून पाहिलं आहे. त्या आधी दोन्ही हात नळाच्या गार पाण्याखाली धरतात आणि कोरडे पुसतात. मग फक्त बोटांच्या टोकांनी मैदा आणि लोणी उचलतात, भांड्यापासून वीतभर वर नेतात आणि अंगठा करंगळीकडून तर्जनीकडे एकदाच सरकवत खाली पडू देतात. तळहाताला पीठ लागतच नाही, कारण तळहात गरम असतो आणि लोणी वितळवतो. पीठ वरून पडताना त्यात हवाही शिरते. चार-पाच मिनिटांनी त्या भांड्याला एक हलका झटका देतात. लोण्याचे राहिलेले मोठे गोळे आपोआप वर येतात, तेवढेच पुन्हा चोळायचे. सगळं जाडसर रव्यासारखं दिसलं की थांबायचं.

आता साखर मिसळा, मधोमध खळगा करून जवळजवळ सगळं दूध एकदम ओता आणि सुरीने कालवा. पीठ गोळा झालं की ओट्यावर काढून दोन-तीन वेळाच हलकं दाबा. पोळीच्या कणकेसारखं मळलं तर स्कोन चिवट होतात. लाटण्यापेक्षा हातानेच थापा आणि जाडी अडीच सेंटीमीटर ठेवा. पातळ थापलेला स्कोन कधीच फुलत नाही, आणि बिघडलेल्या स्कोनमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. पाच सेंटीमीटरचा साचा कोरड्या मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. साचा पिळला की कडा मिटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दुधाचा हात फिरवा, पण कडांवर ओघळू देऊ नका. दहा ते बारा मिनिटांत स्कोन तयार होतात.

स्कोन त्याच दिवशी खायचा, आणि सुरीने न कापता हाताने उकलायचा. त्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे मंद तापवून जमवलेली दाट साय. डेव्हन परगण्यात आधी क्रीम लावून वर जॅम घालतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. दोन्हीकडचे लोक याबाबत अतिशय गंभीर असतात, तेव्हा पाहुणा कुठला ते बघून वाढा. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीमला भौगोलिक नावाचं संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. महाराष्ट्रात घरी करायचं तर म्हशीचं निरसं दूध पसरट भांड्यात अगदी मंद आचेवर, उकळी न येऊ देता, तास-दीड तास तापवा. न हलवता गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरची जाड साय अलगद उचला, फेटू मात्र नका.

स्कोनवरून श्रूसबेरी बिस्किटाकडे जाता येतं, फक्त त्यात लोणी चोळायचं नसतं, फेसायचं असतं. पुण्याच्या कॅम्पातल्या, १९५५ पासून चालत आलेल्या कयानी बेकरीने हे नाव आपल्या तोंडी बसवलं. श्रूसबेरी हे श्रॉपशायर परगण्यातलं गाव आहे आणि तिथलं बिस्किट पुण्याच्यापेक्षा वेगळं असतं. त्यात लिंबाची किसलेली साल हवीच, बऱ्याचदा बारीक काळ्या मनुकाही असतात. १२५ ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम साखर फेसा, एका अंड्याचा बलक आणि एका लिंबाची साल घाला, मग २०० ग्रॅम साधा मैदा आणि ५० ग्रॅम मनुका मिसळा. अर्धा तास गार करून अर्धा सेंटीमीटर जाड लाटा आणि १८० अंशांवर कडा सोनेरी होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं भाजा.

फेसणं: व्हिक्टोरिया स्पंज

राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा हा केक बेकिंग पावडरमुळे शक्य झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली, ती पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. त्याआधीचे स्पंज केवळ फेटलेल्या अंड्यांच्या जोरावर फुलायचे आणि त्यात इतकं लोणी पेलत नसे.

प्रमाण लक्षात ठेवायला अगदी सोपं आहे. चार अंडी कवचासकट काट्यावर ठेवा. जे वजन येईल तितकंच लोणी, तितकीच साखर, तितकाच सेल्फ-रेझिंग मैदा. भारतातली अंडी इंग्लंडमधल्या अंड्यांहून बहुधा लहान असतात, त्यामुळे छापील आकड्यांपेक्षा ही जुनी रीत आपल्याला जास्त उपयोगी पडते.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. एप्रिल-मेच्या पुण्यात किंवा नागपुरात ही अवस्था पाच मिनिटांत निघून जाते, म्हणून भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेसा. बीटरने पाच मिनिटं, लाकडी चमच्याने दहा-बारा मिनिटं. रंग पिवळ्याचा जवळजवळ पांढरा झाला पाहिजे. या पायरीत घाई केली तर पुढे काहीच केक वाचवू शकत नाही. अंडी खोलीच्या तापमानाला आणून एकेक करून घाला. मिश्रण फाटतंय असं वाटलं तर एक मोठा चमचा मैदा घाला. उरलेला मैदा चाळून, धातूच्या चमच्याने तळापासून वर उचलत मिसळा. चमचाभर मिश्रण उचलून तिरकं धरलं की ते मनातल्या मनात तीन मोजेपर्यंत पडावं. घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध.

वीस सेंटीमीटरच्या दोन टिनांना लोणी लावून तळाशी कागद घाला, मिश्रण समान वजनाने वाटा आणि १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. बोटाने हलकं दाबल्यावर केक परत वर आला की झाला.

मध्ये काय भरायचं याला इथे शिस्त आहे. विमेन्स इन्स्टिट्यूट ही बायकांची संघटना १८९७ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि १९१५ मध्ये वेल्समधल्या एका गावातून ब्रिटनमध्ये पसरली. तिच्या रिवाजाप्रमाणे मध्ये फक्त रासबेरी जॅम आणि वरून भुरभुरलेली कास्टर साखर. क्रीम नाही, आयसिंग नाही. गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षक केकच्या पाठीवर गार करायच्या जाळीचे वळ उठलेत का तेही बघतात. मला ही कडक शिस्त मनापासून आवडते, कारण क्रीमच्या थराखाली फसलेला स्पंज लपतो, पण नुसत्या जॅमखाली लपत नाही.

तापल्या चरबीत पीठ ओतणं: यॉर्कशायर पुडिंग

पुडिंग म्हटलं की आपल्याला गोड काहीतरी वाटतं, हे मात्र खारं असतं. रविवारच्या रोस्टबरोबरचं, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबरचं, हे मैद्याचं फुगलेलं बोंड पूर्वी मांसाच्या खाली ठेवलेल्या तव्यात व्हायचं. वरून ठिबकणारी चरबी वाया जाऊ द्यायची नाही, हा हिशोब. गरीब घरांत ते ग्रेव्हीबरोबर आधी वाढत, म्हणजे पोट थोडं भरावं आणि महागडं मांस पुरावं.

चार अंडी, १४० ग्रॅम साधा मैदा, २०० मिली दूध, चिमूटभर मीठ. गुठळी राहणार नाही असं फेटा आणि किमान अर्धा तास ठेवून द्या. बेकिंग पावडर नको, ते फक्त वाफेने फुगतं. बारा खळग्यांच्या टिनमध्ये प्रत्येकी एक छोटा चमचा चरबी किंवा सूर्यफुलाचं तेल घाला आणि टिन २३० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. तेलातून धूर दिसायला लागला की टिन बाहेर काढून झटपट पीठ ओता. ओतताना चर्र आवाज आलाच पाहिजे. आला नाही तर टिन परत आत ठेवा. मग वीस-पंचवीस मिनिटं दाराला हात लावू नका. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटकं असेल तर त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. घरात उकळतं तेल हाताळायचं आहे, तेव्हा लहान मुलांना लांब ठेवा.

मांस न खाणाऱ्या घरात कांद्याची ग्रेव्ही उत्तम. तीन कांदे लोण्यात अर्धा तास मंद आचेवर तांबूस करा, चमचाभर मैदा परता, भाज्यांचं पाणी घालून दाट करा. इंग्रजी स्वयंपाकाला फिकं म्हणणाऱ्याला आधी ही ग्रेव्ही वाढा.

वाफवणं: ख्रिसमस पुडिंग

हा पदार्थ ख्रिसमसच्या आठवड्यात करायचा नसतो. अ‍ॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या काळाच्या) आधीचा रविवार, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट, हा त्याचा दिवस. त्या रविवारच्या जुन्या इंग्रजी प्रार्थनेची सुरुवात ‘ढवळून जागं कर’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते, म्हणून त्याला स्टर-अप संडे म्हणतात. घरातला प्रत्येक जण, अगदी रांगतं मूलसुद्धा कडेवर घेऊन, मिश्रण एकदा ढवळतो आणि मनात एक इच्छा धरतो. चमचा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा.

सव्वा लिटरच्या भांड्यासाठी काळ्या मनुका, सोनेरी मनुका आणि बारीक करंट्स मिळून ३५० ग्रॅम, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम, ताज्या पावाचा चुरा १०० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, गडद ब्राऊन साखर १५० ग्रॅम, सुएट १०० ग्रॅम, दोन अंडी, एक किसलेलं सफरचंद, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल, दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ मिळून दीड चमचा पूड, आणि १०० मिली रम किंवा संत्र्याचा रस. सुकामेवा रात्रभर रममध्ये भिजवला तर उत्तम.

सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ती लोण्यापेक्षा उशिरा वितळते. तोवर भोवतालचं मिश्रण धरायला लागलेलं असतं, आणि चरबी विरघळलेल्या जागी बारीक पोकळ्या राहतात. इतका जड पदार्थ खाताना हलका लागतो तो यामुळे. वनस्पतिजन्य सुएट इंग्लंडमध्ये कुठेही मिळतं. भारतात फ्रीझरमधलं दगडासारखं लोणी किसून घाला. पुडिंग किंचित दाट होईल, चव कुठेही कमी पडणार नाही. ब्राऊन साखरेऐवजी काळसर गूळ किसून घातला तरी छान लागतं.

भांड्याला लोणी लावून मिश्रण भरा. वर लोणी लावलेला कागद आणि फॉइल, दोन्हींना मधोमध एक चुणी घालून ठेवा, कारण पुडिंग फुगल्यावर जागा लागते. सुतळीने घट्ट बांधा आणि त्याच सुतळीचा वरून एक फास करा, उकळत्या पाण्यातून भांडं उचलायला तो लागतोच. मोठ्या पातेल्यात तळाशी उलटी ताटली ठेवून त्यावर भांडं ठेवा, निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला, झाकण लावा आणि सहा ते आठ तास वाफवा. दर तासाला पाणी बघा आणि घालायचं ते उकळतंच घाला. गार झाल्यावर कागद बदलून थंड, कोरड्या जागी ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र सरळ फ्रिजमध्ये. सणाच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफवायचं, ताटात उलटं करायचं, कोमट ब्रँडी ओतून पेटवायची. जेवणघरातले दिवे आधी मालवा.

बरणीत भरणं: मार्मलेड

स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री इंग्लंडच्या बाजारात जानेवारीत येतात आणि फेब्रुवारीत संपतात. एवढ्या काळात वर्षाचं मार्मलेड, म्हणजे सालीसकट संत्र्यांचा जॅम, घालायचं. एक किलो संत्री, एक लिंबू, अडीच लिटर पाणी, दोन किलो साखर. रस काढा, साल हवी तशी चिरा. बिया आणि आतला पांढरा गर मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडा. मार्मलेड धरवणारं पेक्टिन तिथेच असतं. दोन तास मंद शिजवा. साल दोन बोटांत सहज चिरडली गेल्याशिवाय साखर घालू नका, साखर पडली की ती आणखी मऊ होत नाही. मग पुरचुंडी पिळून काढा, साखर विरघळवा आणि मोठ्या आचेवर खळखळून उकळा.

फ्रीझरमधल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की झालं. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश. गॅस बंद करून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर बरणीत सगळी साल वर तरंगते. मग ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरा. नागपुरी संत्र्यात कडवटपणा आणि पेक्टिन दोन्ही कमी. त्यांचं करायचं असेल तर निम्मी ईडलिंबं किंवा म्हाळुंग मिसळा आणि साखर थोडी कमी करा.

जपणं: वही

१८४५ मध्ये एलायझा अ‍ॅक्टन यांनी आपल्या पाककृतींत जिन्नसांची नेमकी मापं आणि शिजायचा वेळ वेगळा काढून लिहायला सुरुवात केली. फ्लोरेन्स व्हाइट यांनी १९२८ मध्ये इंग्लिश फोक कुकरी असोसिएशन स्थापन केली आणि देशभरच्या साध्या घरांतून पाककृती मागवून गोळा केल्या. आपल्याला करायचंय ते हेच, लहान प्रमाणावर.

इंग्लंडमध्ये राहत असाल तर आपल्या परगण्याचा एक पदार्थ धरा. यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये ५ नोव्हेंबरच्या शेकोट्यांच्या रात्रीचा, ओटचं पीठ आणि ट्रीकल (काकवीसारखा दाट पाक) घातलेला पार्किन केक, नॉर्थंबरलँडमध्ये तव्यावर भाजलेली सिंगिंग हिनी, विल्टशरमध्ये डुकराची चरबी घातलेला लार्डी केक, ससेक्समध्ये आख्खं लिंबू पोटात घेतलेलं पाँड पुडिंग. तो करणारी वयस्क व्यक्ती शोधा आणि तिच्याबरोबर एक दुपार उभ्या राहा. ‘किती घालता?’ असं विचारलं तर ‘अंदाजे’ हेच उत्तर येतं. म्हणून मैद्याचा डबा आधी आणि नंतर काट्यावर ठेवा; फरक म्हणजे तिचं माप. तिच्या हालचालींचे शब्द तिच्याच तोंडचे लिहा.

जुन्या वह्या वाचताना मापं बदलून घ्या. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. इंग्रजी पिंट ५६८ मिलीचा, अमेरिकन पिंट ४७३ मिलीचा. डेझर्टस्पून १० मिली. ‘मंद ओव्हन’ म्हणजे साधारण १५० अंश, ‘मध्यम’ १८०, ‘गरम’ २२०. गॅस मार्क ४ म्हणजे १८०, आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला साधारण १० ते २० अंश वाढवा.

प्रत्येक पानावर तारीख, कुणाकडून मिळालं, अंड्यांचं वजन आणि टिनचा व्यास लिहा. टिनचा व्यास बहुतेक जण लिहायचा विसरतात, आणि तोच नसेल तर पुढच्याला भाजायचा वेळ कळत नाही.